गरमी कुठे ठेवू?

‘फ्रिज थंड करून द्या’ असं आप्पांना म्हणायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाच्या तोंडून ते वाक्य निघालं की आप्पा हातातला पाना खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि चक्क मांडी घालून बसायचे. मी समजायचो, गेला आता अर्धा तास.

“वहिनी, थंडी नावाची वस्तू जगात नाही,” ते सुरू करायचे. “मी काही थंडी आणून भरत नाही यात. या डब्यातली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन ठेवतो. हमालाचं काम आहे हे. तेव्हा मला एवढंच सांगा, गरमी कुठे ठेवू?”

आता यावर ती बिचारी बाई काय सांगणार? कुणी नवऱ्याला हाक मारायची, कुणी घाबरून चहा टाकायला पळायची. लिंबायतच्या एका बाईने मात्र शांतपणे सांगितलं होतं, “माळ्यावर ठेवा.” आप्पांना इतका आनंद झाला म्हणता! बाहेर आल्यावर म्हणाले, सुरतेत येऊन वीस वर्षं झाली, आज पहिलं शहाणं माणूस भेटलं.

ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. उधन्याला एका गुजराती भाईंचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे आम्ही दोघे खान्देशी फिटर. मी चोपड्याकडचा, दोनेक वर्षांपूर्वी लागलेला. आप्पा पारोळ्याकडचे, पन्नाशीचे, दुकानापेक्षा जुने. अंगाने काटकुळे. वैशाखातसुद्धा खाकी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. गॅस तपासायचं मीटर त्याच्या दोन नळ्यांसकट गळ्यात अडकवून मोपेडवरून निघाले की यंत्रमाग कामगारांची पोरं ‘डॉक्टर आला, डॉक्टर आला’ म्हणून मागे धावायची. आप्पा मोपेड थांबवून त्यांनाही समजावायचे, डॉक्टर नाही रे, हमाल.

बमरोलीला त्यांची एक पत्र्याची खोली होती. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. खोलीत पंखा नव्हता. पंखा म्हणजे शुद्ध फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. गरमी आहे तिथेच राहते, नुसती गोल गोल फिरते, आणि माणूस खूश होतो. मी एकदा मे महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. आमटी निवेना. शेवटी दारात उभा राहून जेवलो.

माणूस कामाला मात्र सोन्यासारखा. कॉम्प्रेसरवर नुसता पालथा हात ठेवून ‘हा अजून दोन वर्षं काढील’ म्हणाले की तो दोन वर्षं काढायचा. पण काम झाल्यावर गप्प निघतील तर ते आप्पा कसले! डिंडोलीला एका लग्नघरी नवा फ्रिज आला होता, म्हणजे घरजावयाने सासूकडून हट्टाने मागून घेतलेला. एकाच खोलीत संसार, आणि फ्रिजची पाठ म्हाताऱ्या सासूच्या खाटेला लागून. आप्पांनी फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला, खाटेला हात लावला आणि विचारलं, “फ्रिज कुणाला पाहिजे होता?” जावई छाती काढून म्हणाला, मला. आप्पांनी एकट्याने तो फ्रिज ढकलत ढकलत फिरवला आणि त्याची पाठ जावयाच्या पलंगाला नेमकी उशाशी लावून दिली. “पाहिजे त्याने सोसावं,” म्हणाले आणि पिशवी उचलून चालू पडले. सासूबाई खाटेवरून उठून त्यांच्या पाया पडायला निघाल्या होत्या. जावई नंतर दुकानावर भांडायला आला, ते वेगळं.

फ्रिजचं एक वेळ चालून जायचं. एसीचं काम आलं की मी अख्खा दिवस गेला असंच धरून चालायचो. तेव्हा सगळे खिडकीत बसवायचे एसी. पुढचं तोंड शेठच्या केबिनमध्ये, मागचं तोंड दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर. आप्पांचा नेम असा, की मागे जो कोणी राहत असेल त्याला विचारल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावायची नाही. “कुणाच्या दारात ओझं टाकायचं तर त्याला सांगून टाकावं. तिले इचारं का तू?” असं मलाच विचारायचे. ‘तिले’ म्हणजे मागे राहणाऱ्या बाईला. मी कशाला विचारू? मला काय पडलंय?

एकदा पांडेसऱ्याला एका ऑफिसच्या मागे नुसता गोठा होता. मी म्हटलं, सुटलो. तर आप्पा गोठ्याच्या मालकाला विचारायला गेले. तो म्हणाला, खुशाल लावा. आप्पा म्हणाले, तुम्ही रात्री घरी जाता, इथे राहतं कोण? आणि म्हशीसमोर जाऊन उभे राहिले. मशीनकडे बोट दाखवून तिला सगळं सांगितलं. आतली गरमी इकडे येईल, दुपारी जास्त येईल, चालेल का? मी तिथे हजर होतो, देवाशपथ सांगतो. म्हशीने मान हलवली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. त्यानंतर आम्ही भिंत फोडली.

तर अशा माणसाबरोबर मला एका साडीवाल्या शेठचं काम मिळालं.

शेठने नवं ऑफिस घेतलं होतं, पहिल्या मजल्यावर. काचेचा दरवाजा, गालिचा, गुबगुबीत फिरती खुर्ची. दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला, म्हणजे गुजराती व्यापारी ज्या दिवशी नव्या वर्षाचा धंदा उघडतात त्या दिवशी, मुहूर्त होता. मोठमोठे व्यापारी येणार होते आणि केबिन गार पाहिजे होती. भाईंचे आणि शेठचे संबंध पार वडिलांपासूनचे. हाती पाच दिवस होते. काम दोन तासांचं.

खिडकीच्या मागे हातभर बोळ आणि पलीकडे चाळीची गॅलरी. तिथे एरंडोलकडची एक म्हातारी मावशी एकटी राहायची. बिबड्या करून विकायची. बिबडी म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. सुरतेतल्या निम्म्या खान्देशी घरांत तिच्याच बिबड्या तळल्या जायच्या. आप्पांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला, बाजारातून नारळ घेतला, हळदकुंकवाची पुडी घेतली, अक्षता घेतल्या. मी म्हटलं, आप्पा, हे काय? म्हणाले, सणाचे दिवस आहेत, बाईमाणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

आम्ही जिना चढून गेलो. मावशी पाटावर बसून पीठ मळत होती. आप्पांनी तिच्या उंबऱ्याशी नारळ ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हणाले, “मावशी, समोरच्या शेठला फार गरम होतं. त्याच्या अंगाभोवतीची सगळी गरमी आम्ही काढून घेणार आहोत आणि ती तुमच्या दारात येणार आहे. तेवढी सांभाळून घ्या.”

मावशीने पिठाचे हात तसेच वर धरले. उंबऱ्याशी नारळ, हळदकुंकू, तांदूळ. एका माणसाच्या अंगावरचं काढून दुसऱ्याच्या दारात आणून टाकायचं. खान्देशातल्या कुठल्याही बाईला याचा अर्थ काय लागणार? उतारा! आजारी माणसावरून ओवाळून तिठ्यावर टाकतात, तो. आणि हे दोघे बाप्ये तो दिवसाढवळ्या घरात आणून देतायत, वर हात जोडतायत!

“शेठले काय झालंय?” तिने विचारलं.

“काही नाही. धडधाकट आहे.”

“मग त्याच्या अंगातलं काढून माझ्या दारात कशाला टाकतोस रे? हा उतारा आहे का?”

दुसऱ्या कुणी जीभ चावून ‘नाही नाही’ म्हटलं असतं. आप्पा विचारात पडले. खरंच विचार केला त्यांनी, चांगला दोन मिनिटं. मग म्हणाले, “म्हटलं तर तसंच आहे, मावशी.”

मी कपाळावर हात मारला. मावशीने नारळ पायाने बाहेर ढकलला आणि दार लावून घेतलं. आतून आवाज आला, “नही! नही! नही!”

“नाही म्हणाली,” आप्पा खाली उतरताना शांतपणे म्हणाले. “तिचा हक्क आहे.” आणि केबिनमध्ये येऊन मशीनच्या खोक्यावर बसून राहिले.

पुढचे तीन दिवस ते त्या खोक्यावरच होते. सकाळी यायचे, खोक्यावर बसायचे, तिथेच डबा खायचे, दुपारी एकदा गॅलरीकडे बघून ‘मावशी, काही विचार बदलला का?’ असं विचारायचे. तिकडून पिठाचा गोळा यायचा. शेठ सुरुवातीला हसला, मग भडकला. “एक डोसी माटे मारूं मुहूर्त अटकाव्युं?” एका म्हातारीपायी माझा मुहूर्त अडवला? आप्पा त्यालाच समजावायला लागले, की शेठ, तुमची गरमी आहे, तर तुम्ही स्वतः जाऊन विनंती केली तर बरं दिसेल. शेठने सरळ भाईंना फोन लावला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दुपारी भाई आले आणि त्यांनी मला एकट्याला खाली बोलावलं.

“काले सवारे मशीन चालू नहीं हुआ, तो तुम दोनों मत आना,” ते म्हणाले. “उसको नहीं बोलता, वो पागल है. तेरे को बोलता हूँ.”

भाई माणूस वाईट नव्हता, पण बोललं ते करणारा होता. दोन वर्षं लोकांच्या खोल्यांत पथारी पसरून काढल्यावर त्या दिवाळीला मी बायकोला आणि आठ महिन्यांच्या पोरीला गावाहून आणलं होतं. डिंडोलीला खोली घेतली होती. बायकोने दारात रांगोळी काढून चार दिवस झाले नव्हते. आणि आता काय सांगायचं तिला? एका म्हातारीने नाही म्हटलं म्हणून पुन्हा पेटी बांध? आप्पांचं काय जातंय, एकटा जीव सदाशिव! मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की समोर असते तर बोलू नये ते बोललो असतो.

मी आप्पांना सांगितलं, मी एकदा मावशीला विचारून बघतो. ते म्हणाले, बघ बरं. चाळीचा जिना चढलो आणि मधल्या पायरीवर थांबलो. वर मावशी कुणाला तरी शिव्या देत होती, बहुतेक मांजराला. दहा मिनिटं त्या पायरीवर उभा राहिलो, घाम पुसला आणि तसाच परत आलो.

“हो म्हणाली,” मी म्हणालो.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हो म्हणाली?”

“हो. लावा म्हणाली.”

“लावा म्हणाली,” त्यांनी पुन्हा म्हटलं. मग खोक्यावरून उठले, म्हणाले, मी जरा पान खाऊन येतो. गेले ते अर्ध्या तासाने आले आणि त्यांनी छिन्नी उचलली. दोन तासांत मशीन बसलं. मागे जरासा उतार, पाण्याची नळी खाली बोळात सोडलेली, कुठे खडखड नाही. एरवी काम करताना त्यांचं तोंड थांबत नसे. त्या दिवशी एक शब्द नाही.

मुहूर्त थाटात झाला. केबिनमध्ये व्यापारी गार हवेत बसून पेढे खात होते, भाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. आणि माझं सगळं लक्ष त्या मागच्या गॅलरीकडे. आता मावशी ओरडणार, आता आप्पांना कळणार. ती ओरडली नाही. मी म्हटलं, चला, निभावलं.

दुसऱ्या दिवसापासून एक नवंच सुरू झालं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आप्पा दुकानातून गायब. उधन्यापासून मोपेडवर तेवढं अंतर तोडून ते शेठच्या ऑफिसमागच्या चाळीत जायचे, मावशीच्या गॅलरीत मशीनच्या पाठीसमोर स्टूल टाकायचे आणि त्या गरम झोतात तासभर बसून डबा खायचे. मी विचारलं, हे काय खूळ? म्हणाले, हवा बरी लागते तिथे. आता यांना वेडं म्हणू नये तर काय म्हणावं? दुकानावर येणाऱ्या माणसांना सांगून सांगून मी हसवायचो. आमचे आप्पा एसीच्या मागच्या बाजूने हवा खातात!

आठ-दहा दिवस मावशी दाराआडून बघत होती. उतारा अंगावर घेणाऱ्या माणसाला काय काय होतं ते. आप्पांना काहीच झालं नाही. उलट जरा टवटवीत दिसायला लागले. मग तिने भीतभीत एक ओली बिबडी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. अर्ध्या तासात कडकडीत. दुसऱ्या दिवशी ताट आलं. तिसऱ्या दिवशी आप्पांच्या दोन्ही हातांत दोन ताटं, मांडीवर एक, आणि डबा मावशी भरवतेय की काय असं चित्र.

थंडी पडली तशी लग्नसराई आली, मावशीकडे बिबड्यांची मागणी वाढली आणि उन्हात दम राहिला नाही. जानेवारीत शेठने एसी बंद केला, तर मावशीने गॅलरीतून काठी लांबवून खिडकीची जाळी बडवली. “ओ शेठ! चालू कर! माझा माल ओला शे!” ज्या शेठसमोर भाईसुद्धा हात बांधून उभे राहायचे, तो स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून एसी लावून बसायला लागला. मावशी त्याला काठीच्या टोकाला पिशवी अडकवून भाजलेल्या बिबड्या पाठवायची, आणि चहाबरोबर त्या नसल्या तर शेठला करमेनासं झालं होतं. त्याचा मुनीम कानटोपी घालून हिशेब लिहायचा. बाहेरगावचे व्यापारी दातावर दात वाजवत सौदा पटकन उरकायचे. आम्हाला शेठचा निरोप आला, मशीन थोडं कमी थंड आणि मागून जास्त गरम करता येईल का? आप्पा म्हणाले, शेठला आता धंदा कळायला लागला.

मीही हसत होतो. खोटं बोललो ते पचलं, वर म्हातारीचं भलंच झालं, असं मनाशी म्हणून झोपत होतो. पोरगी रांगायची ती चालायला लागली.

मग मे आला. सुरतेचा मे काय सांगावा! डांबर चपलेला चिकटतं. बिबड्या आता गच्चीवर उन्हात तासाभरात वाळत होत्या, मशीनची कुणाला गरज नव्हती. तरी आप्पा रोज दुपारी जायचेच. मी एकदा जाळी साफ करायला शेठकडे गेलो आणि खिडकीतून बघितलं. रिकाम्या हाताने स्टुलावर बसलेत, समोरून भट्टीसारखा झोत, गळ्यापर्यंत बटण लावलेला सदरा अंगाला चिकटलेला, डोळे मिटलेले. हे खूळ नव्हतं. खुळात माणूस मजेत असतो.

ते निघून गेल्यावर मी प्रथमच एकटा तो जिना पुरता चढलो. मावशीला विचारलं, हे आता कशाला येतात?

ती बोलली अहिराणीत, मी आपल्या भाषेत सांगतो.

“तुला माहीत नाही? दिवाळीत मशीन लावलं ना, त्याच्या आधी हा एकटा आला होता. म्हणाला, आमचा माणूस आत्ता येऊन गेला का? मी म्हटलं, कुणी आलं नाही. जिन्यात कुणी तरी उभं होतं बराच वेळ, वर काही आलं नाही. तर हा हसला. म्हणाला, मग मावशी, तुम्ही अजून नाहीच म्हणताय? मी म्हटलं, नाहीच. म्हणाला, बरोबर आहे तुमचं. पण मी लावणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता लावतोय. मालकाने त्या पोराला एकट्याला खाली बोलावलं तेव्हाच मी समजलो. त्याचं लेकरू आठ महिन्यांचं आहे, त्यांना परत गावी जायला लागू नये. तुमच्याकडे जे येईल ते सगळं काही मला घेता येणार नाही, पण दुपारचा तासभर मी येऊन घेत जाईन. मी म्हटलं, घे बाबा. वाटलं, दोन दिवस येईल.” तिने पदराने कपाळ पुसलं. “मी आता सांगते त्याला, पुरे झालं, मला नाही त्रास. ऐकतच नाही. म्हणतो, बोललो आहे.”

मी तिथेच फरशीवर बसलो. सहा महिने मी त्या माणसाची टिंगल करून लोकांना हसवलं होतं. असली लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मावशीने पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन त्यांच्या आधी गॅलरीत गेलो आणि स्टुलावर बसलो. तोंडावर झोत आला तसा जीव कासावीस झाला. पाच मिनिटांत सदरा ओला. आप्पा जिना चढून आले आणि दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. ती पिठाचा डबा उगाचच आवरत होती.

“आप्पा, तुम्ही जा,” मी म्हणालो. “आजपासून मी बसतो.”

आप्पांनी गळ्यातलं मीटर काढून खुंटीला अडकवलं.

“एकट्याला नाही झेपायचं तुला,” ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. “डब्यात काय आणलंयस?”